दोरिवालचं हसणं

ब्राझीलमधल्या सांतोस बंदराच्या धक्क्यावर हसण्याचेसुद्धा नियम आहेत. बाहेरच्या माणसाला सांगून ते पटायचं नाही. कुणी बायकी चालीची नक्कल केली, कुणी तसला विनोद सोडला, की सगळ्यांनी हसायचं. जो उशिरा हसेल त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळतात. म्हणून शहाण्यानं पहिलं हसावं आणि सगळ्यांत मोठ्यानं हसावं. दोरिवाल क्रेन चालवायचा. वर केबिनमध्ये एकटा बसलेला असला, तरी खाली कुणी कंबर हलवून दाखवली की तो खिडकीतून डोकं बाहेर काढून हसायचा. उगाच कुणाला शंका नको. ते हसणं इतकं दणदणीत होतं की मुकादम म्हणायचा, "दोरिवाल हसला म्हणजे अर्ध्या बंदराला कळतं."

दुसरा नियम चोवीस आकड्याचा. आमच्याकडे प्राण्यांची चोरटी लॉटरी चालते. एक नंबर शहामृगाचा, दोन गरुडाचा, असं करत करत चोवीसला हरीण येतं. आणि हरीण म्हणजे पुरुषावर जीव टाकणारा पुरुष. ही शिवी पोरं चड्डीत असतानाच शिकतात. त्यामुळे फुटबॉलमध्ये चोवीस नंबरचा शर्ट घालायला कुणी धजत नाही, धक्क्यावरचं चोवीस नंबरचं कपाट रिकामं पडून राहतं, आणि चोविसावा वाढदिवस आला की माणूस म्हणतो, "तेवीस संपली, आता एकदम पंचवीस." निव्वळ पोरकटपणा आहे हो. पण ह्याच पोरकटपणापायी माणसं मार खातात, हेही तितकंच खरं.

दोरिवालनं आयुष्यात मार खाल्ला नाही. का, तर तो वेळेवर हसला, आणि दुसरं म्हणजे त्याच्याकडे कंपाद्रे हा शब्द होता.

अन्सेल्मो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. तेलाची कुपी आणि हत्यारांची पिशवी घेऊन आमच्या माकुको वस्तीत घरोघर फिरणारा, कमी बोलणारा माणूस. त्याला एक मुलगी, झुसारा. तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर धरून उभा राहिला तो दोरिवाल, तिचा धर्मबाप. धर्मबाप आणि सख्खा बाप एकमेकांचे कंपाद्रे होतात, आणि आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा मोठं मानतात. पुढे अन्सेल्मोची बायको तापानं गेली. पोर लहान. दोरिवाल तिला सांभाळायला म्हणून अन्सेल्मोच्या घरी राहायला आला, तेव्हा सगळ्या वस्तीनं त्याचं कौतुक केलं. "कंपाद्रे असावा तर असा," बायका म्हणायच्या. पोर मोठी झाली, शिकली, लग्न होऊन गेली, तरी कंपाद्रे काही गेला नाही. तेव्हा ज्यांना कळायचं त्यांना कळलं असणार. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ती कुणी उघडली नाही, ह्या दोघांनी तर नाहीच.

उघडली ती झुसारानं. एका रविवारी जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, दिंदो, तुम्ही दोघं आता सत्तरीला टेकलात." धर्मबापाला ती दिंदो म्हणते. "उद्या एकाला दवाखान्यात नेलं आणि दारात दुसऱ्याला विचारलं, तुम्ही ह्यांचे कोण, तर काय सांगणार? कंपाद्रे? हाकलून देतील."

मार्च महिन्यात नोंदणी कचेरीत लग्नाच्या सह्या झाल्या. साक्षीदार झुसारा आणि तिचा नवरा. बाहेर पडल्यावर अन्सेल्मो भर रस्त्यात रडायला लागला. दोरिवाल त्याच्या कोपराला धरून म्हणाला, "अरे, लोक बघतायत." त्या दिवशी तो एवढंच बोलला.

झुसारानं लग्नाचा आहेर म्हणून दोघांना जहाजाची सहल दिली. सांतोसहून निघायचं, इल्याबेला बेट, बूझियुसचा किनारा करून परत सांतोस. जन्मभर जहाजं भरण्या-उतरवण्यात गेलेला दोरिवाल कधी जहाजातून कुठे गेला नव्हता. त्याला मनापासून आनंद झाला. बॅगा भरताना अन्सेल्मो म्हणाला, "एक मागतो. देशील?"

"माग की."

"जहाजावर मला कंपाद्रे म्हणू नकोस. तिथं आपल्याला काळं कुत्रं ओळखत नाही. तेवढे दिवस नवरा म्हण."

"म्हणेन," दोरिवाल म्हणाला. अगदी सहज म्हणाला.

पहिल्या दिवशी जहाज धक्क्यावरून सुटलं, तेव्हा दोघं वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे होते. दोरिवाल क्रेन दाखवत होता, ही माझी, ती नंतर आली, त्या तिथं एकदा साखरेची पोती फुटली होती. अन्सेल्मो ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या रांगेत कॉफीचं यंत्र त्याच्याच्यानं चालेना. जन्मभर यंत्रं उघडलेला माणूस, पण बटणांपुढे हरला. मागच्या एका तरुणानं पुढे होऊन कॉफी काढून दिली. तो ईगोर, कुरितीबाचा, बरोबर त्याचा जोडीदार. दोघं एकमेकांची करंगळी धरून रांगेत उभे होते, लपवाछपवी नाही. अन्सेल्मोचे डोळे लकाकले. दोरिवालकडे हात करून तो म्हणाला, "हा माझा नवरा."

"काय सांगता," ईगोर म्हणाला. "किती वर्षं?"

"हिशेब नको विचारूस. तू जन्मला नव्हतास."

पोरं खूश झाली. दोरिवालनं मान हलवली आणि तो कॉफीत साखर ढवळत राहिला. त्यानं साखर घातलीच नव्हती.

संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये बिंगो होता. ज्याचं कार्ड आधी भरेल त्या जोडप्याला कप्तानाच्या टेबलावर जेवण, त्याआधी मुख्य जिन्यावर फोटो, आणि दोघांची नावं भोंग्यावरून सगळ्या जहाजभर पुकारणार. अन्सेल्मोनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. "जिंकलो तर आपली दोघांची नावं एका दमात पुकारतील," तो म्हणाला. त्याला जेवणाचं काही नव्हतं, त्याला ते पुकारणं हवं होतं.

खेळवणारा होता क्लेबिन्यो म्हणून एक जण, चकचकीत कोटातला, घामेजलेला, जिभेला हाड नसलेला. आकडा काढायचा आणि त्याला शेपूट लावायचा. "बावीस, तळ्यातली दोन बदकं." "तेहेतीस, ख्रिस्ताचं वय." लोक खुशीत होते, ढोलकवाला मधूनमधून थाप मारत होता. दोरिवालचं कार्ड भराभर भरत गेलं. शेवटी एकच घर उरलं. अन्सेल्मोनं वाकून पाहिलं. घरात चोवीस होता.

आणि चोवीसच निघाला.

क्लेबिन्योनं लगेच सांगितला नाही. गोटी हातात धरून त्यानं डोळे मिचकावले, दिवे गुलाबी झाले, ढोलक वाजायला लागलं. टेबलाखालून त्यानं शिंगांची टोपी काढली, कार्निव्हलच्या मिरवणुकीत पोरं घालतात तसली कागदी. "बायांनो, बाप्यांनो, चोवीस. आज ज्याचं कार्ड चोवीसवर भरेल त्यानं ही शिंगं घालून हॉलभर ठुमकत फिरायचं. कुणाकडे आहे, खरं सांगा."

"माझ्याकडे नाही," "माझ्याकडे पण नाही," चहूकडून पुरुष ओरडायला लागले. कुणी शेजाऱ्याकडे बोट दाखवलं, कुणी मेव्हण्याकडे. क्लेबिन्योची नजर फिरत फिरत ईगोर आणि त्याच्या जोडीदारावर थांबली. एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकला होता.

"बघा, इथं आहेत," तो म्हणाला. "तुम्हाला कार्ड कशाला रे दिलं? नंबर तर कपाळावर छापलेला आहे. या, शिंगं मापानं बसतील. आयांनो, पोरांना जरा जवळ घ्या हो, हरणं मोकळी सुटलीत."

हॉलमध्ये क्षणभर काही नव्हतं. त्या रिकाम्या क्षणात एक माणूस हसला. पहिला आणि सगळ्यांत मोठ्यानं. मग सगळा हॉल फुटला.

दोरिवालला आपलं हसणं ऐकू आलं तेव्हा ते होऊन गेलं होतं. तोंडातून सुटलेलं गिळता येतं का कुठे? तो तसाच तोंड उघडं ठेवून हसत राहिला, कारण मध्येच थांबणं आणखी वाईट दिसलं असतं. ईगोर उठला. त्याच्या जोडीदारानं कार्ड टेबलावर उपडं ठेवलं, आणि दोघं दाराकडे निघाले. जाता जाता ईगोरनं वळून ह्यांच्या टेबलाकडे पाहिलं. क्लेबिन्यो मागून म्हणाला, "अरे, रागावली," आणि पुन्हा हशा झाला.

दोरिवालचा तळहात कार्डावर होता. चोवीसच्या घरावर, पक्का दाबून.

"हात उचल," अन्सेल्मो हळू म्हणाला.

दोरिवालनं उचलला नाही.

"दोरिवाल, आपण जिंकलोय."

पुढचा आकडा निघाला, त्याच्या पुढचाही निघाला, आणि सोरोकाबाच्या एका बाई किंचाळत उभ्या राहिल्या. त्यांची आणि त्यांच्या नवऱ्याची नावं भोंग्यावरून पुकारली. अन्सेल्मोनं टाळ्या वाजवल्या. मग खुर्ची नीट टेबलाखाली सारून तो खोलीकडे चालता झाला.

अन्सेल्मो भांडत नाही. त्याच्याशी संसार करणं म्हणूनच अवघड. ओरडला असता, भांडं आपटलं असतं, तर दोरिवालनं चार शब्द ऐकून घेतले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण तो कपडे बदलून भिंतीकडे तोंड करून निजला, आणि सकाळी उठून "पाणी गरम आहे" एवढंच म्हणाला. मुका मार म्हणतात तो हा. काहीतरी केलं पाहिजे, म्हणून दोरिवाल तडक रिसेप्शनवर गेला.

तिथं ताइना नावाची मुलगी होती, केस घट्ट बांधलेली, हसरी. "बोला ना, सर."

"कालच्या बिंगोबद्दल तक्रार आहे. तो क्लेबिन्यो वाईट बोलला."

"माफ करा, सर. काय बोलला?"

"तो शब्द. प्राण्याचा."

"कोणता प्राणी, सर?"

दोरिवालनं मागे पाहिलं. पंचा खांद्यावर टाकलेला एक दांडगा गडी रांगेत उभा होता. "हरीण," दोरिवाल तिच्याकडे वाकून म्हणाला.

"अच्छा. तुम्हाला उद्देशून?"

"छे, मला कशाला? दोन पोरांना."

"त्यांनी तर तक्रार केलेली नाही, सर." ती खवचटपणानं नव्हती बोलत, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "मग त्रास नेमका कुणाला झाला असं कळवू?"

"माझ्याबरोबर आहेत त्यांना."

"ते तुमचे कोण?"

झुसारानं सांगितलेला दवाखान्याचा दरवाजा हाच. फक्त दवाखाना नव्हता, आणि कुणी मरतही नव्हतं. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि ते त्यानं कबूल केलेलं होतं. मागचा गडी खाकरला.

"कंपाद्रे," दोरिवाल म्हणाला. "माझे कंपाद्रे आहेत ते."

"मुली, ओले टॉवेल कुठे बदलून मिळतात गं?" बाजूनं आवाज आला. अन्सेल्मो दोन टॉवेल हातावर घेऊन उभा होता. कधीपासून, देव जाणे. ताइनानं दिशा दाखवली, त्यानं आभार मानले आणि तो गेला.

दुपारी खोलीत फळांची टोपली आली. तिच्यावर जहाजातर्फे छापील कार्ड, "दोघा मित्रांना शुभेच्छा". ताकाला जाऊन भांडं लपवलं की असंच होतं, ताक मिळतं पण सांडून. अन्सेल्मोनं कार्ड वाचलं आणि टोपली दारापाशी सरकवली.

त्या दिवशी जहाज बूझियुसपुढे नांगर टाकून उभं होतं. लोक होड्यांनी किनाऱ्यावर चालले होते. हे दोघं गेले नाहीत. डेकवरच्या खुर्च्यांत बसले. तिथं अन्सेल्मो बोलला.

"तू त्या पोरांना हसलास."

"सवय आहे रे. तुला ठाऊक आहे, ते आपोआप..."

"ठाऊक आहे. तुझं हसणं मी धक्क्याच्या फाटकाबाहेर उभा राहून ऐकलंय. तुला डबा द्यायला यायचो तेव्हा. मी म्हणायचो, हसू दे बिचाऱ्याला, पोटासाठी हसतोय. काल इथं कुठलं पोट होतं?"

दोरिवालनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"त्या पोरानं मला कॉफी काढून दिली होती. जाताना तो माझ्याकडे बघत होता. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. म्हणजे मी खोटं बोललो असं झालं." अन्सेल्मोनं खुर्ची त्याच्याकडे वळवली. "मी तुझ्याकडे अवघड काही मागितलंच नव्हतं, दोरिवाल. मी सोपं तेच मागितलं होतं."

दोरिवालला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याला बसवेना. तो उठून जहाजभर त्या पोरांना शोधत फिरला. ती पोहण्याच्या तलावाच्या मागे पत्ते खेळत होती. तो जवळ जाऊन उभा राहिला, टोपी हातात.

"पोरा, कालचं ते..."

ईगोरनं पत्त्यांवरून नजर वर केली. "राहू द्या, काका. आम्हाला सवय आहे." मग पत्ता टाकून म्हणाला, "तुम्हालाही आहे, ते दिसलं."

थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

शेवटच्या संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम होता, जेवणाआधी, त्याच हॉलमध्ये. अन्सेल्मो बॅगा भरत बसला, म्हणाला, "तू जा." दोरिवाल एकटा जाऊन पहिल्या रांगेत बसला. क्लेबिन्योनं सासूचे विनोद केले, रिओवाल्यांचे केले, मग कंबरेवर हात ठेवून लाडिक चालीनं हरणाची नक्कल सुरू केली. लोक हसायला लागले. दोरिवाल जबडे आवळून बसला. त्याच्या गालाचे स्नायू आपणहून हलत होते, खरं सांगतो, त्यांना थोपवायला त्याला घाम फुटला. पहिल्या रांगेत न हसणारा माणूस म्हणजे विदूषकाला मेजवानीच. क्लेबिन्यो उडी मारून खाली आला.

"आजोबांचं तोंड बघा, जकातवाल्यासारखं. काय आजोबा, आजीबाईंनी दटावलंय का? कुठायत आजीबाई?" आणि त्यानं माइक पुढे केला.

दोरिवाल उभा राहिला.

"आजी नाहीत," तो म्हणाला. "माझा नवरा आहे. तो खोलीत आहे. तुझ्यामुळे आला नाही, आणि माझ्यामुळेही."

मग मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक बाई. मग सगळा हॉल. लोकांना वाटलं, हे आधी ठरवलेलं आहे, म्हातारा क्लेबिन्योचाच माणूस आहे. टाळ्या सुरू झाल्या, कुणी शिट्टी वाजवली. क्लेबिन्योही सावरला. "आजोबांसाठी जोरात, मंडळी, आजचा सगळ्यांत भारी विनोद आजोबांचा." दोरिवाल म्हणत होता, "अरे, खरं सांगतोय मी," पण माइक तोवर दुसऱ्या रांगेत गेला होता.

कार्यक्रम संपल्यावर क्लेबिन्यो त्याला दारात गाठून म्हणाला, "काका, काय टायमिंग हो तुमचं. पुढच्या सफरीला याल का?" जवळून तो बराच थकलेला दिसत होता, डोळ्यांखाली रंग ओघळलेला. त्याला काहीही कळलेलं नव्हतं. दोरिवालनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला बोलायचा कंटाळा आला.

खोलीत अन्सेल्मो बॅगेची चेन लावत होता. दोरिवालनं सगळं सांगितलं.

"मग लोकांनी काय केलं?"

"टाळ्या वाजवल्या. विनोद वाटला त्यांना."

अन्सेल्मो पलंगाच्या कडेवर बसला. "वरातीमागून घोडं," तो म्हणाला, पण आवाजात धार नव्हती. "आणि घोडं सुद्धा परक्या गावात नाचवलंस. ते सगळे उद्या आपापल्या घरी जातील, दोरिवाल. त्यांना सांगून काय? हेच मी आधी मागितलं होतं तेव्हा पुरलं असतं. आता नाही पुरत."

"मग काय करू?"

"मला विचारू नकोस. मी पुन्हा काही मागणार नाही."

दोरिवाल त्या रात्री घाबरला. अन्सेल्मो सोडून जाईल म्हणून नव्हे. ह्या वयात जाणार कुठे? तो घरातच राहील, डाळ-भात करील, ह्याचे शर्ट शिवील, आणि पुन्हा कधीही काहीही मागणार नाही. त्याला भीती वाटली ती ह्याची.

सकाळी जहाज सांतोसला लागलं. बॅगा ओढत दोघं प्रवाशांच्या शेडमधून बाहेर आले, तर समोर सामानाच्या गाड्यांपाशी जिल्वान. दोरिवालच्या क्रेनखाली उभा राहून, वजन कुठे टेकवायचं ते हातवाऱ्यांनी सांगणारा त्याचा गडी. ह्याच्या हातांवर भरवसा ठेवून दोरिवालनं जन्मभर माणसांच्या डोक्यावरून लोखंड फिरवलं होतं. जिल्वान आता बंदरावर हमालांच्या टोळीवर देखरेख करतो, आणि दर शनिवारी कालव्याजवळच्या चौकात दोरिवालचा डॉमिनोतला भिडू असतो.

"बघा बघा, कोण आलं," जिल्वान दुरूनच ओरडला. "लेका, साहेब झालास की. आणि कंपाद्रेला घेऊन? काय रे, हनिमूनला गेला होतात का दोघं?" आणि तो हसला, मान मागे टाकून, धक्क्यावरचं हसणं. त्याच्याबरोबरचे दोघे हमाल त्याचं बघून लगेच हसले.

अन्सेल्मो बॅगेच्या मुठीकडे बघत उभा राहिला. तो बाजूला सरला नाही, जवळही आला नाही.

"हो," दोरिवाल म्हणाला. "हनिमूनच."

जिल्वान आणखी मोठ्यानं हसला. गाडीच्या दांड्यावर थाप मारली. दोरिवाल त्याच्याकडे बघत राहिला. हसला नाही, रागावलाही नाही, नुसता थांबला. समोरचा साथ देत नसला तर हे हसणं फार वेळ चालत नाही. आधी हमाल थांबले. मग जिल्वानचं तोंड हळूहळू मिटलं.

"काय बोलतोस, गड्या."

"मार्चमध्ये सह्या केल्या. अन्सेल्मो माझा नवरा आहे. तुला ठाऊक होतं, जिल्वान."

जिल्वाननं इकडेतिकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. "ठाऊक असणं वेगळं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सांगितलंस कशाला?"

त्याचंही चूक नव्हतं म्हणावं, तर ते तोंडातून निघत नाही. जिल्वाननं टोपी काढली, पुन्हा घातली. "शनिवारी, म्हणजे, चौकात... काही दिवस राहू दे जरा. बाकीचे असतात ना. मी त्यांना काय सांगू?"

"मी तुला सांगितलं तेच सांग."

जिल्वाननं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग तो गाडी वळवून शेडकडे निघून गेला. ह्यांच्या बॅगांना त्यानं हात लावला नाही. एरवी धावत आला असता. अन्सेल्मोनं जड बॅग घेतली, दोरिवालनं हलकी, आणि दोघं रस्ता ओलांडून टॅक्सीत बसले.

टॅक्सी सुरू झाली, पण दोरिवालला पट्टा लावता येईना. ते कुलूप हाताला सापडेना. सगळं आयुष्य ज्या हातांनी टनांचं वजन इंचभर न चुकता खाली टेकवलं, ते हात. अन्सेल्मोनं त्याच्याकडे वाकून पट्टा ओढला आणि खटकन बसवला. मग हात तिथंच ठेवला, दोरिवालच्या हातांवर. ड्रायव्हरला आरशात दिसत होतं.

"घाबरलास?"

"हो," दोरिवाल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "खूप."

"मीही घाबरायचो," अन्सेल्मो म्हणाला. "सगळा जन्म घाबरलो. पण मी कधी हसलो नाही."